मान कमवायचा की विकत घ्यायचा? हिवरे बाजारचा जुना हिशोब

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या नगर तालुक्यातला आहे आणि गावागावातल्या पुढच्या निवडणुकांशी त्याचा थेट संबंध आहे.

जानेवारी 2021 आठवतोय? राज्यात 14 हजारांहून जास्त ग्रामपंचायतींच्या निवडणुका एकदम लागल्या होत्या. त्या महिन्यात तीन गावांची नावं पेपरात फार गाजली. पहिलं नाशिक जिल्ह्यातलं उमराणे, कांद्याच्या बाजाराचं गाव. तिथं सरपंचपदासाठी चक्क बोली लागली आणि ती 2 कोटींच्या वर गेली. पैसा देवळाच्या कामाला जाणार, असं सांगितलं गेलं. दुसरं नंदुरबार जिल्ह्यातलं खोंडामळी. तिथंही लिलावच. राज्य निवडणूक आयोगानं चौकशी करून दोन्ही गावांची निवडणूक रद्द केली.

तिसरं गाव आपलं हिवरे बाजार. तिथं बातमी उलटी होती. तीस वर्षांत पहिल्यांदाच गावात मतदान होणार होतं! आदर्श गाव म्हणून ज्याचं नाव जगभर गेलं, पोपटराव पवारांना वर्षभरापूर्वीच पद्मश्री जाहीर झालेली, आणि त्याच गावात त्यांच्या पॅनलसमोर विरोधी उमेदवार उभे. बऱ्याच जणांनी तेव्हा हळहळ केली. ‘शेवटी तिथंही राजकारण शिरलं’, अशी वाक्यं मी पारावर ऐकली आणि मोबाईलवरही वाचली.

माझं मत तेव्हाही वेगळं होतं, आजही आहे. गावासाठी राबणाऱ्या माणसाला गावानं मोठेपणा कसा द्यायचा, हा आपल्याकडचा फार जुना प्रश्न. त्याची उत्तरं काळाप्रमाणे बदलत गेली. हिवरे बाजारनं दिलेलं उत्तर नीट समजायचं तर थोडं मागं जावं लागेल.

सर्वात जुनं उत्तर आपल्या गावांच्या वेशीवर, देवळांच्या आवारात पडलेलं असतं. शेंदूर फासलेला, कुणी तरी देव समजून नारळ फोडलेला दगड. तो बहुतेक वेळा वीरगळ असतो. खालच्या चौकटीत पडलेला माणूस, पुष्कळदा शेजारी गाई. त्याच्या वर लढाई. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात आणि सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ही आठवण ते असेपर्यंत राहील. गावाची जनावरं पळवायला आलेल्यांशी लढताना जो मेला, त्याला गावानं दिलेली ही पावती. बहुतेक वीरगळांवर नावही नसतं. काय केलं तेवढं कोरलेलं असतं. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आधी काम, मग दगड.

पुढं वतनदारी घट्ट झाली आणि मान रक्तात गेला. पोळ्याला पहिला बैल कुणाचा, होळीला पहिली पोळी कुणाची, लग्नात टिळा आधी कुणाला, हे सगळं जन्मावर ठरायला लागलं. या मानपानावरून पिढ्यान् पिढ्या भांडणं चालत. ती सोडवायला गोतसभा बसायची. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आजूबाजूच्या गावचे लोक जमायचे, साक्षी व्हायच्या आणि निकालाचा महजर लिहिला जायचा. त्यावर पाटलाची निशाणी नांगर, आणि बाकीच्यांची ज्याच्या त्याच्या अवजाराची खूण. म्हणजे मान कुणाचा हे ठरवताना सगळ्या गावाची साक्ष लागायची, हे चांगलंच. पण चौकशी कशाची व्हायची? तुझ्या आज्याला हा मान होता का, याची. तू गावासाठी काय केलंस, हे तिथं कुणी विचारत नव्हतं.

आणि ज्या व्यवस्थेत एकाला जन्मानं मान मिळतो, तिथं दुसऱ्याच्या वाट्याला जन्मानं राबणूक येते. महार वतन म्हणजे काय होतं? चतकोर जमिनीच्या नावाखाली रात्रंदिवस गावकी आणि सरकारी काम. गावाच्या सर्वात जास्त उपयोगी पडणाऱ्या माणसाला सर्वात कमी मान. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते याच अन्यायावर. कायद्यानं ही वतनं जायला 1958 उजाडावं लागलं. पाटीलकीचं वतन 1962 च्या कायद्यानं गेलं. त्याच सुमारास ग्रामपंचायतीचा 1958 चा कायदा आणि 1962 साली जिल्हा परिषदा आल्या. जन्माचा मान गेला, मताचा मान आला.

मत आलं ते उत्तमच झालं. पण मताबरोबर पार्ट्या आल्या, भावकी आली, रात्रीची पाकिटं आली. गावात कोण राबतंय हे बघून मत द्यायची सवय लागायला वेळ लागणार होता. तेवढ्यात 1972 चा दुष्काळ आला.

हिवरे बाजार हे तसं पैलवानांचं गाव, असं जुनी माणसं सांगतात. कुस्तीचा फड ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, तिथं फेटा कुस्ती मारल्यावर मिळतो, आधी मिळत नाही. आणि तो चारचौघांसमोर मिळतो. बघणाऱ्यांना डाव कळतो, त्यामुळं खोट्या कुस्तीला फेटा बांधला तर फड बोंब मारतो. ही साधी रीत लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

1972 नंतर या गावाची रया गेली. पाऊस मुळातच कमी, बरं वर्ष असलं तरी चारशे मिलिमीटरच्या आसपास. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या. माणसं पुण्या-मुंबईला, नगरला मजुरीला गेली. मागं राहिलेल्यांत दारू आणि भांडणं. दारूचे 22 अड्डे होते, असं सांगतात. सरकारी नोकराची इथं बदली म्हणजे शिक्षा समजली जायची. गावाचं नाव सांगायची लाज वाटावी अशी अवस्था.

1989 मध्ये गावातल्या तरुणांनी पोपटराव पवारांना गळ घातली. एम.कॉम. शिकलेला, क्रिकेट खेळणारा हा पोरगा नोकरीच्या वाटेवर होता. गावानं त्याला बिनविरोध सरपंच केलं. इथं एक गोष्ट नीट बघा. हा पहिला बिनविरोध म्हणजे कामाचं बक्षीस नव्हतं, कारण काम अजून व्हायचं होतं. तो उधारीवर दिलेला विश्वास होता. उधारी फेडायला लागते.

ती फेडायला सुरुवात झाली शाळेपासून. श्रमदानातून शाळेच्या खोल्या उभ्या राहिल्या. ग्रामसभेत गरजांची यादी झाली, कोणतं काम आधी आणि कोणतं नंतर हे सगळ्यांसमोर ठरलं. दारूचे अड्डे बंद झाले. 1993 मध्ये गावानं पाणलोटाच्या कामासाठी स्वतःची संस्था काढली, यशवंत कृषी ग्राम व पाणलोट विकास संस्था. 1994 मध्ये राज्याच्या आदर्श गाव योजनेत गावाची निवड झाली. ही योजना शेजारच्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या, अण्णा हजारेंच्या कामावरून उभी राहिलेली. तिची पंचसूत्री तुम्हाला पाठ असेल: नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान. हिवरे बाजारनं पुढं लोटाबंदी आणि शेतीसाठी बोअरवेल बंदीही जोडली.

या सूत्रांकडं मी मानाच्या नजरेनं बघतो. एकूण एक सूत्र असं आहे की पाळायचं तर स्वतःचं काहीतरी सोडावं लागतं. पिणाऱ्यानं बाटली सोडायची. शेळ्यावाल्यानं मोकळी चराई सोडायची, आणि हा चटका सर्वात आधी भूमिहीनाला बसतो, हेही विसरू नका. डोंगरावरचं गवत विळ्यानं कापून न्यायचं, जनावर सोडायचं नाही. पैसेवाल्या बागायतदारानं बोअर घ्यायची खुमखुमी सोडायची. ज्यानं सोडलं, त्याचं सोडणं शेजाऱ्याला दिसत होतं. गावात मोठा कोण, याचं माप बदललं ते इथं. कुणाच्या दारात किती गाड्या, यापेक्षा चर खणायला कोण आलं आणि कोण आलं नाही, हे चर्चेत यायला लागलं. फडासारखंच. डाव सगळ्यांना दिसतोय, मग फेटा कुणाला ते आपोआप कळतं.

डोंगरउतारावर समतल चर झाले, बांध पडले, पाझर तलाव झाले, झाडं लागली. परिणाम आकड्यांत आहे. विहिरी 90 च्या आसपास होत्या, त्या 294 झाल्या. 1995 मध्ये 168 कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती, पुढच्या पंधरा वर्षांत ती बोटांवर मोजण्याइतकी उरली. दिवसाला दीडशे लिटर दूध निघायचं, ते काही हजार लिटरवर गेलं. गेलेली कुटुंबं परत आली. महाराष्ट्रात परत येणारी गावं किती आहेत, आठवून बघा.

पण माझ्या मते हिवरे बाजारचं सर्वात शहाणपणाचं काम विहिरींच्याही पुढचं आहे. ते म्हणजे पाण्याचा ताळेबंद. साधारण 2004 पासून गाव दरवर्षी पावसाळा संपला की हिशोब मांडतं. पर्जन्यमापकावर किती पाऊस नोंदला, निरीक्षण विहिरींची पातळी कुठं आहे, पिण्याला किती, जनावरांना किती, शेतीला किती. त्यावरून ग्रामसभेत ठरतं की यंदा कोणतं पीक घ्यायचं आणि कोणतं टाळायचं. ऊस-केळी तर नाहीच. भूजल विभागाची मदत असते, पण निर्णय गावाचा.

यात मानाचा काय संबंध? सांगतो. जिथं मोजमाप नसतं, तिथं मोठेपणा तोंडावर मिळतो. जो जास्त बोलतो, जो पुढाऱ्याच्या गाडीत बसतो, तो मोठा. पण फळ्यावर विहिरीची पातळी लिहिली की गप्पा मारायला जागा उरत नाही. गावाचं पाणी वाढलं का घटलं, हे शेंबड्या पोरालाही वाचता येतं. असा हिशोब दरसाल पुन्हा होतो, त्यामुळं मागच्या वर्षीच्या पुण्याईवर यंदा बसून खाता येत नाही.

योगायोग बघा. हिवरे बाजारचं काम सुरू होत होतं त्याच काळात, 1990 साली, अमेरिकेत एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं एक पुस्तक आलं. जंगल, चराऊ रान, पाटाचं पाणी अशी सामायिक संपत्ती लोक स्वतः कशी सांभाळतात, याचा त्यांनी जगभरच्या उदाहरणांवरून अभ्यास केला होता. नियम करणारे तिथलेच हवेत, पाहारा आपसातला हवा, आणि चुकणाऱ्याला शिक्षा हळूहळू चढती हवी, हा त्याचा गाभा. 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. आपल्या ग्रामसभेत बसलेल्या म्हाताऱ्याला हे वाचायची गरज नव्हती. कोण रात्री चोरून मोटार चालवतो, हे त्याला आधीच माहीत होतं.

सरकारला ही मानाची ताकद कळली नव्हती असं नाही. आर. आर. आबा ग्रामविकास मंत्री असताना 2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. गावंच्या गावं झाडू घेऊन रस्त्यावर आली, बक्षिसापेक्षा ‘शेजारच्या गावाच्या पुढं जायचं’ या ईर्षेनं. पुढं केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला. 2016 ते 2019 पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा झाली. पहिल्या वर्षी कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं, शेवटच्या वर्षी बार्शी तालुक्यातलं सुर्डी. उन्हाळ्यात मध्यरात्री मशाली लावून लोक माती उपसत होते. हे पैशानं होत नाही.

तरी या सगळ्या स्पर्धांची एक दुखरी बाजू आहे. पुरस्कार एकदा मिळाला की तो परत घ्यायची सोय नसते. निर्मल ग्रामचा फलक वेशीवर चकाकतोय आणि त्याच वेशीबाहेर सकाळी लोक डबा घेऊन बसलेत, हे चित्र आपण सगळ्यांनी बघितलंय. परीक्षक पाहुणा म्हणून येतो, एक दिवस बघतो आणि जातो. गाव मात्र 365 दिवस बघतं. म्हणून बाहेरच्यानं दिलेला मान लवकर शिळा होतो, आणि आतल्यांनी दिलेला रोज ताजा ठेवावा लागतो.

दुसरी दुखरी बाजू म्हणजे नाव. हिवरे बाजारला 2007 मध्ये राष्ट्रीय जल पुरस्कार मिळाला, तो गावाच्या कामाला. 2020 च्या पद्म यादीत आपल्या जिल्ह्यातले पोपटराव होते आणि अकोले तालुक्यातल्या बीजमाता राहीबाई पोपेरेही होत्या. छाती फुगावी अशीच गोष्ट. पण पद्मश्री एकाच माणसाला मिळते. चर खणणाऱ्या शेकडो हातांना, डोक्यावर पाणी वाहून रोपं जगवणाऱ्या बायांना तसा कागद मिळत नाही. पुढारी एक आणि राबणारे हजार, ही कोणत्याही चळवळीची अडचण. त्यावर उपाय एकच, गावानं स्वतः त्यांची नावं घ्यायची. वीरगळावर नाव नसलं तरी दगड गावानंच बसवला होता ना?

आता पुन्हा जानेवारी 2021 कडं येऊ. तीस वर्षं बिनविरोध. आरक्षणाप्रमाणं पदं बदलत राहिली, पण पेटी काही लागली नाही. अशा गावात विरोधात अर्ज भरणं सोपं नसतं. सगळं राज्य कौतुक करतंय आणि तुम्ही म्हणताय, ‘आम्हाला मतदान हवंय.’ त्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या की नव्हत्या, यात मी शिरत नाही, तो त्या गावचा प्रश्न. पण अर्ज भरायचा हक्क त्यांना होता आणि तो त्यांनी वापरला. 15 जानेवारीला मतदान झालं. निकालात पवारांच्या पॅनलनं सातपैकी सातही जागा जिंकल्या.

याला मी गावाची शोभा गेली असं म्हणत नाही. बिनविरोधमध्ये एक खोट कायम असते. सगळे खरंच खूष आहेत की काहीजण भिडेनं गप्प आहेत, हे कळत नाही. हात वर करून दिलेल्या मताला शेजाऱ्याची नजर असते. गुप्त मताला ती नसते. तीस वर्षांनी गुप्त मतदान झालं आणि तरी सातही जागा आल्या, म्हणजे तो मान भिडेचा नव्हता, हे पहिल्यांदा कागदावर सिद्ध झालं. विरोधकांनी एका अर्थानं गावावर उपकारच केले.

आणि चारच महिन्यांनी कसोटी आली. कोरोनाची दुसरी लाट. गावानं तरुणांची पथकं केली, घरोघर तपासणी, आजारी माणसाला वेळेत वेगळं ठेवणं. मे 2021 मध्ये गाव कोरोनामुक्त झालं आणि मुख्यमंत्र्यांनी जाहीर कौतुक केलं. पाठोपाठ राज्यानं कोरोनामुक्त गाव स्पर्धा काढली, पहिलं बक्षीस 50 लाखांचं. निवडणुकीत दिलेला कौल योग्य होता का, याची पावती लोकांना इतक्या लवकर क्वचितच मिळते.

आता उमराणे आणि हिवरे बाजार शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडं ‘बिनविरोध’ हाच शब्द. एका ठिकाणी तो शब्द नोटा मोजून येणार होता, दुसरीकडं तो घाम मोजून आला होता. लिलावाचं समर्थन करणारे म्हणतात, पैसा देवाच्याच कामाला जातो, मग वाईट काय? वाईट हे, की ज्यानं 2 कोटी टाकले त्याला गावासाठी आणखी काही करायची गरजच उरत नाही. मान आधीच विकत घेतला. आणि जो दहा वर्षं राबलाय पण ज्याच्या खिशात दमडी नाही, त्याला गावानं सांगितलं की बाबा, तुझ्या राबण्याची किंमत शून्य. त्याचं पोरगं पुढच्या वेळी श्रमदानाला येईल का?

लिलाव फक्त दोन गावांत पकडला गेला. छोटे लिलाव आपल्याकडं रोज चालतात. चौकात फ्लेक्स लावला की युवा नेता. देवळाला रंग दिला की समाजभूषण. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम स्वतःच्याच खर्चानं. आणि आपण? फोटोवर अंगठा, ‘भाऊ एकच नंबर’. काम काय केलं, हे विचारतो कोण? लाईक देणाऱ्यानं काम बघितलेलं नसतं, इथंच सगळी मेख आहे.

म्हणून एक सुचवतो, पटलं तर बघा. ग्रामसभा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबरला होतेच. त्यातल्या एका सभेत वर्षभरात गावासाठी कुणी काय केलं, याची यादी मोठ्यानं वाचा. पाण्याची टाकी कुणी धुतली, शाळेला कोण गेलं, रात्री-अपरात्री दवाखान्यात गाडी कुणी नेली, अंत्यविधीला लाकडं कुणी दिली. माणसाचं नाव, काम आणि तारीख. कुणाची हरकत असेल तर तिथंच घ्या. त्यात बायांची नावं येतात की नाही, वस्तीवरची येतात की नाही, हेही तपासा. हार-तुरे नकोत, एक वही पुरे. पुढच्या वर्षी नवं पान. जुन्या पानावर कुणी जगायचं नाही.

आणि मग निवडणूक लागली की ती वही उघडा. बिनविरोध होत असेल तर त्या वहीवरून होऊ द्या. मतदान होत असेल तर आणखी चांगलं, कमवलेला मान मतपेटीला भीत नाही.

तुमच्या गावच्या त्या वहीत यंदा पहिलं नाव कुणाचं येईल? काम लिहून कमेंटमध्ये सांगा. नुसतं नाव नको.